झील धरणाऱ्यांचा इतिहास

गेल्या नवरात्रात आमच्या मंडळाचा भोंडला झाला. महाराष्ट्रापासून दूरच्या शहरांतून मराठी मंडळे जसा भोंडला करतात तसाच तो होता. पाटावर हत्ती काढला होता, त्याला फुलांची माळ घातली होती, खिरापतींचे डबे झाकून ठेवले होते आणि निरनिराळ्या वयांच्या पंचवीस-तीस बायका फेर धरून उभ्या होत्या. उणीव होती ती एकच. दरवर्षी गाणी सांगणाऱ्या आजी त्या दिवशी तापाने अंथरुणावर होत्या. त्यांच्यावाचून अडू नये म्हणून कोणीतरी ध्वनिमुद्रित गाणी लावली. आवाज गोड होता, साथही उत्तम होती. परंतु दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझ्या ध्यानात आले की, फेरातले कोणी गातच नाही. माझ्या शेजारी आमच्याच इमारतीत राहणारी एक तमिळ मुलगी होती. गेली दोन वर्षे ती आजींच्या मागोमाग ओळी म्हणत असे. ती मला हळूच म्हणाली, “काकू, आपण कधी म्हणायचं? ती बाई थांबतच नाही!”

तिच्या या तक्रारीत एक मोठे सत्य होते. आजी गात तेव्हा एक ओळ सांगून त्या थांबत. त्या थांबण्यात बाकीच्यांनी ती ओळ उचलावयाची असे. ज्यांना गाणे येत होते त्या मोठ्याने म्हणत, ज्यांना येत नव्हते त्या ऐकून म्हणत, आणि चौथ्या ओळीपर्यंत कोणाला येत होते व कोणाला नव्हते हे ओळखू येईनासे होई. पोवाड्यात शाहिराच्या मागे जे उभे असतात त्यांना आपण झीलकरी म्हणतो. शाहिराचे नाव इतिहासात राहते, झीलकऱ्याचे राहत नाही. तथापि ज्याला गाणे येत नाही त्यालाही गाण्यात सामावून घेणारी जागा जर कोठे असेल, तर ती झीलकऱ्यांच्या रांगेतच होय. ही जागा बंद झाली, किंवा तिच्या दारावर पहारा बसला, तर एखाद्या समाजाच्या गाण्याचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासात शोधावे हे बरे. आणि असा शोध घेऊ लागले असता बाल्टिक समुद्राच्या काठचा एस्टोनिया हा चिमुकला देश आपले लक्ष वेधून घेतो. कारण तेथे गायनवृंदात सामील होणे आणि राष्ट्रात सामील होणे या दोन गोष्टी एकोणिसाव्या शतकापासून एकमेकींत इतक्या गुंतल्या की, एकीचा इतिहास सांगताना दुसरीचा सांगावाच लागतो.

एस्टोनियन भाषा ही फिनिश भाषेची बहीण. भारत-युरोपीय कुळाशी तिचे नाते नाही. ती बोलणारे लोक आजही जेमतेम नऊ-दहा लाखांच्या घरात आहेत. या लोकांच्या भूमीवर शतकानुशतके परक्यांचे राज्य होते. डॅनिश आले, जर्मन सरदार आले, स्वीडिश आले आणि 1710 मध्ये रशियाच्या झारचा अंमल बसला. राजा बदलला तरी जमिनीचा धनी बदलत नसे. तो बहुधा जर्मन जमीनदारच असे, आणि एस्टोनियन कुणबी त्याच्या जमिनीला बांधलेला वेठकरी. देशाच्या उत्तर भागात 1816 मध्ये आणि दक्षिण भागात 1819 मध्ये ही गुलामी कायद्याने संपली. कुणब्याला देहाचे स्वातंत्र्य मिळाले. जमीन मात्र धन्याकडेच राहिली, आणि पोटासाठी वेठ करणेही पुढे पुष्कळ वर्षे चालू राहिले. त्या काळी हा कुणबी स्वतःला एस्टोनियन म्हणवीतही नव्हता. ‘गावाकडची माणसे’ अशा अर्थाचा एक शब्द होता, तोच त्याचे स्वतःचे नाव होता.

या माणसांजवळ एक मोठे धन होते, ते म्हणजे त्यांचे गाणे. त्या जुन्या गाण्याला ‘रेगिलाउल’ म्हणतात. त्याची ओळ आठ अक्षरांची. ओळीत एकाच वर्णाने सुरू होणारे शब्द जवळजवळ आलेले. आणि पहिल्या ओळीतला विचार दुसऱ्या ओळीत वेगळ्या शब्दांनी पुन्हा मांडलेला. एक बाई पुढे होऊन ओळ म्हणे. तिची शेवटची दोन अक्षरे उरली असतानाच बाकीच्या तिच्या स्वरात मिसळत आणि ती ओळ संपूर्ण परत म्हणत. त्या परतओळीच्या शेवटी पुढारीण पुन्हा मिळे आणि पुढची ओळ उचले. अशा रीतीने गाण्यात श्वास घेण्यापुरतेही खिंडार पडत नसे. कापणीच्या वेळची गाणी, झोक्यावरची गाणी, लग्नातली गाणी, पोरक्या मुलीची गाणी, हिवाळ्याच्या तोंडावर सोंगे घेऊन दारोदार जाण्याची गाणी, असा त्यांचा पसारा होता. आपल्याकडची भलरी, नागपंचमीच्या झोक्यावरची गाणी आणि जात्यावरची ओवी ज्याने ऐकली आहे त्याला या पसाऱ्याची ओळख पटावयास वेळ लागू नये. आणखी एक साम्य असे की, हे गाणे मुख्यत्वे बायकांनी सांभाळले होते. त्यात सामील होण्यासाठी ना वही लागे, ना तालीम, ना परवानगी. पहिली ओळ ऐकावयाची आणि दुसरीपासून म्हणावयाचे.

या गाण्याची थोरवी प्रथम ओळखली ती एका जर्मनानेच. हेर्डर हा तत्त्वज्ञ 1764 ते 1769 या काळात शेजारच्या रीगा शहरात शिक्षक व धर्मोपदेशक होता. पुढे 1778-79 मध्ये त्याने नाना लोकांच्या लोकगीतांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात काही एस्टोनियन गीतेही जर्मन भाषांतरासह आली. वेठकऱ्यांनी आपल्या जुलमी धन्यांविषयी केलेला विलाप त्यांत होता. शेतावर राबणाऱ्या बायकांचे शब्द युरोपातल्या विद्वानांच्या मेजावर जाऊन बसले. शेतावर मात्र त्याच सुमारास ते शब्द मागे पडू लागले होते. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. अठराव्या शतकात मोरावियन पंथाचे ख्रिस्ती बंधू या प्रदेशात आले. त्यांनी कुणब्याला वाचावयास शिकवले, त्याला माणूस म्हणून वागवले आणि अनेक आवाजांत मिळून धर्मगीते गावयाला शिकवले. हे त्यांचे ऋण लहान नव्हे. परंतु जुनी गाणी त्यांच्या दृष्टीने पाखंडी होती, जुनी वाद्ये सैतानाची होती. कुणब्याने नवे गाणे घेतले आणि जुन्याची लाज बाळगावयास तो शिकला. चार आवाजांत, कागदावरची स्वरलिपी वाचून, ताठ उभे राहून गाणे ही सुधारणेची खूण ठरली. ओळ-परतओळीचे गाणे ही वेठीची आठवण ठरली.

आता हे नवे गाणे खेडोपाडी नेणार कोण? ते काम शाळामास्तरांनी केले. लाट्वियन शिक्षक यानिस त्सिम्झे याने 1839 मध्ये एक अध्यापकविद्यालय सुरू केले. दहा वर्षांनी ते दोन्ही भाषांच्या सीमेवरील वाल्का गावी आले. तेथे लाट्वियन आणि एस्टोनियन असे दोन्हीकडचे तरुण शिकत. तेथून बाहेर पडणारा मास्तर अक्षरे शिकवी, देवळात ऑर्गन वाजवी आणि संध्याकाळी गावकऱ्यांचा गायनवृंद चालवी. दिवसभर नांगर धरलेला माणूस रात्री शाळेच्या बाकावर येऊन बसे आणि खर्जाचा भाग घोकी. सबंध हिवाळा अशा तालमी चालत. रेगिलाउलमध्ये जे एका ओळीत साधे, त्याला येथे महिने लागत. म्हणजे सामील होणे अवघड झाले होते; परंतु त्यात एक नवे सुख होते. आपल्या वाट्याचा स्वर एकट्याने म्हटला तर त्याला काही रूप नसते, आणि चौघांचे चार स्वर मिळाले की जे उभे राहते ते चौघांपैकी कोणाही एकाचे नसते. हा अनुभव त्या माणसांना प्रथमच येत होता. धन्याच्या हुकमावाचून एकत्र येण्याची आणि एकाच वेळी एकच गोष्ट नीट करण्याची ही त्यांची पहिली शाळा होती.

या शाळेची परीक्षा 1869 च्या जूनमध्ये टार्टू शहरात झाली. योहान वोल्देमार यान्सेन हा मूळचा शाळामास्तर आणि पुढे वृत्तपत्राचा संपादक. आपल्या पत्रातून वाचकांना ‘एस्टोनियन लोक’ असे संबोधण्याचा प्रघात 1857 मध्ये त्यानेच पाडला. गुलामी संपल्याला पन्नास वर्षे झाली, तेव्हा झारचे आभार मानण्यासाठी गीतमहोत्सव भरवावा, अशी युक्ती त्याने काढली. निमित्त राजनिष्ठेचे असल्यामुळे परवानगी नाकारणे सरकारला अवघड गेले. एक्कावन्न वृंद आणि वाद्यपथके आली. गायक-वादकांची संख्या आठशेंच्या वर होती. ऐकणारे दहा हजारांहून अधिक असावेत. कार्यक्रमात धर्मगीते होती, जर्मन वळणाची लौकिक गीते होती. एस्टोनियन रचनाकाराची गीते मात्र दोनच. अलेक्सांदर कुनिलेइड या तरुण मास्तराने त्यांना चाली लावल्या होत्या आणि शब्द होते लिडिया कोइडुला या यान्सेनच्या मुलीचे. जन्मभूमीविषयीच्या तिच्या त्या शब्दांशी आपली पुढे पुन्हा गाठ पडणार आहे. याकोब हुर्ट या विद्वान धर्मोपदेशकाने याच प्रसंगी भाषण केले. संख्येने लहान असलेल्या लोकांनी मोठे व्हावयाचे ते विद्येने आणि संस्कृतीने, हा त्याच्या विचाराचा गाभा होता.

या महोत्सवाला एस्टोनियन राष्ट्राचा जन्मोत्सव म्हणतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या व्यासपीठावर कोण नव्हते, हेही इतिहासाने विचारले पाहिजे. व्यासपीठावर एकही स्त्री गात नव्हती. सारे वृंद पुरुषांचे होते. ज्या बायकांनी शेकडो वर्षे गाणे सांभाळले त्या प्रेक्षकांत उभ्या होत्या; जिच्या शब्दांनी लोक भारावले ती कोइडुलाही गाणाऱ्यांत नव्हती. स्त्रीपुरुषांचे मिश्र वृंद या महोत्सवात आले ते 1891 साली. दुसरी गोष्ट, त्या आज्यांच्या ओळ-परतओळीच्या गाण्यालाही तेथे स्थान नव्हते. झीलकऱ्यांची नवी रांग उभी राहिली होती खरी; पण जुन्या रांगेतल्या बायकांना तिच्यात जागा नव्हती. प्रत्येक नव्या समूहाचे दार उघडताना कोणासाठी तरी लावले जाते, ही गोष्ट आपण आपल्या मंडळांच्या बाबतीतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जुने गाणे नाहीसे होत आहे याची जाणीव ज्यांना प्रथम झाली त्यांत हुर्ट होता. 1888 मध्ये त्याने वृत्तपत्रांतून जाहीर आवाहन केले की, आपापल्या गावची गाणी, कहाण्या, म्हणी लिहून पाठवा. सुमारे चौदाशे लोकांनी ते मनावर घेतले. त्यांत मास्तर होते, शेतकरी होते, शिंपी होते. हुर्टच्या हयातीत जमलेल्या कागदांची पृष्ठसंख्या 1,14,696 भरली. पुढे 1904 पासून ऑस्कर काल्लास याने संगीताच्या विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवून चाली टिपून घेतल्या. दहा-बारा वर्षांत त्या तेरा हजारांच्या घरात गेल्या. त्या विद्यार्थ्यांपैकी मार्ट सार आणि सिरिल्लुस क्रेक यांनी पुढे त्या चालींवर वृंदगीते रचली. अशा रीतीने जुन्या गाण्याने, रूप बदलून का होईना, वृंदाच्या दारातून आत पाऊल टाकले.

येथे आपल्याकडची आठवण येणे अपरिहार्य आहे. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या मोठ्या जिव्हाळ्याने जमवून ‘स्त्रीजीवन’ प्रसिद्ध केले. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनात आयुष्य घातले. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. हे काम हुर्टच्या कामाच्या तोडीचे आहे. ओवीचे शब्द आता नष्ट होण्याची भीती उरलेली नाही. पण पिठाच्या गिरण्या आल्या, जाते गेले, आणि जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावून बसणाऱ्या त्या बाईची जागाही गेली. ओवी म्हणणारी एक आणि ऐकता ऐकता तिच्यात ओवी मिळवणारी दुसरी, ही जोडी कोणत्याही संग्रहात ठेवता येत नाही. संग्रह शब्द राखतो. सामील होण्याची सवय राखणे हे त्याचे काम नव्हे. एस्टोनियात ती सवय वृंदांनी राखली, आणि तिची खरी किंमत कळली ती विसाव्या शतकात.

1918 मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला आणि 1940 मध्ये सोव्हिएत फौजांनी तो गिळला. 1941 च्या जूनमध्ये सुमारे दहा हजार माणसे सैबेरियाकडे व रशियाच्या अंतर्भागात हद्दपार झाली. मग जर्मनांची धाड आली आणि 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत सत्ता. त्या वर्षी हजारो कुटुंबे होड्यांतून समुद्रापार पळाली. 1949 च्या मार्चमध्ये पुन्हा वीस हजारांवर माणसे हद्दपार करण्यात आली. असा हा काळ. गुस्ताव एर्नेसाक्स हा संगीतकार युद्धकाळात रशियात यारोस्लाव्हल येथे इतर एस्टोनियन कलावंतांसह राहत होता. तेथे 1944 मध्ये त्याने कोइडुलाच्या त्याच जुन्या शब्दांना नवी चाल लावली. 1947 च्या महोत्सवात ते गीत गायिले गेले आणि लोकांनी ते उचलले. पुढे ते कार्यक्रमातून गळले. 1950 च्या महोत्सवापूर्वी आल्फ्रेड कारिंडी, रिहो पॅट्स आणि तूदुर वेट्टिक या तीन मान्यवर वृंदनायकांना अटक होऊन शिक्षा झाल्या. महोत्सव मात्र बंद झाला नाही. सत्तेला तो हवाच होता, लेनिन आणि स्टालिन यांच्या स्तुतिगीतांसाठी.

अशा वेळी सामान्य माणसाने वृंदात जावे की जाऊ नये? हा प्रश्न पुस्तकी नव्हता. जो वृंदात गेला त्याला धन्याची गाणी गावी लागली. जो गेला नाही त्याचे तोंड स्वच्छ राहिले. पण त्याच्या मुलांना चार आवाजांतले आपल्या भाषेतले गाणे कोठेच मिळाले नसते. एर्नेसाक्सचेच उदाहरण घ्या. ज्या हाताने त्याने जन्मभूमीचे ते गीत रचले त्याच हाताने सोव्हिएत एस्टोनियाच्या राष्ट्रगीतालाही चाल दिली. त्याला लाचार म्हणावे की मुत्सद्दी? माझ्या मते दोन्ही शब्द तोकडे आहेत. त्याने वृंद जिवंत ठेवला, आणि त्यासाठी जी किंमत पडली ती स्वतःच्या नावावर घेतली. हजारो अनाम गायकांनीही हीच किंमत थोडी थोडी दिली. त्यांच्यापैकी प्रत्येकजण मनाशी काय म्हणत होता हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

1960 मध्ये टॅलिन शहरात आलार कोटली या वास्तुविशारदाच्या योजनेप्रमाणे गीतमहोत्सवाची प्रचंड कमान उभी राहिली. त्या वर्षीच्या महोत्सवाचा कार्यक्रम संपला आणि कार्यक्रमात नसलेले ते गीत लोकांनी आपण होऊन सुरू केले. एर्नेसाक्सला चौथऱ्यावर चढून हात उचलावा लागला. येथे एक बारकावा पाहण्याजोगा आहे. एरवी वृंदनायक सुरुवात करतो आणि गाणारे मागून येतात. त्या दिवशी गाणाऱ्यांनी सुरुवात केली आणि नायक त्यांच्यामागून आला. झीलकऱ्यांनी ओळ उचलली आणि शाहिराने झील धरली, असेच म्हणावयाचे. त्यानंतर प्रत्येक महोत्सवाच्या शेवटी ते गीत व्हावे अशी लोकांची अपेक्षा राहू लागली, आणि 1969 च्या शताब्दी महोत्सवात त्याला थोपविणे कोणाच्याच हातात राहिले नव्हते.

पुढचा भाग जगाला ठाऊक आहे. 1988 च्या जूनमध्ये टॅलिनच्या त्याच मैदानात लोक रात्र रात्र गात राहिले. 11 सप्टेंबर 1988 रोजी तेथे जवळजवळ तीन लाख माणसे जमली असावीत असा अंदाज आहे. त्या वेळी देशाची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती. 23 ऑगस्ट 1989 रोजी एस्टोनिया, लाट्विया आणि लिथुएनिया या तिन्ही देशांतील लोकांनी हातात हात धरून टॅलिनपासून विल्नियसपर्यंत साखळी केली. 20 ऑगस्ट 1991 रोजी एस्टोनियाने आपले स्वातंत्र्य पुन्हा घोषित केले. हे स्वातंत्र्य केवळ गाण्याने मिळाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मॉस्कोतील सत्ता खिळखिळी झाली होती, अर्थव्यवस्था कोसळत होती. परंतु लाखो माणसे एका मैदानात रात्रभर जमतात आणि दगड उचलत नाहीत, यालाही काही कारण असले पाहिजे. त्यांतल्या पुष्कळांनी शाळेत असल्यापासून हिवाळेच्या हिवाळे तालमी केल्या होत्या. आपला स्वर केव्हा लावावा आणि दुसऱ्याला केव्हा जागा द्यावी, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते.

मग त्या आज्यांच्या गाण्याचे काय झाले? तेही परत आले, पण फार उशिरा. वेल्यो टॉर्मिस हा संगीतकार 1930 मध्ये जन्मला आणि 2017 मध्ये वारला. 1966-67 मध्ये त्याने वर्षाच्या सणावारांची जुनी गाणी वृंदासाठी बांधली. ती बांधताना त्याने जुन्या चालीला सजविण्याचा मोह टाळला. तिची ओळ, तिची पुनरुक्ती, तिचा आडमुठेपणा तसाच ठेवला. आपण लोकगीताचा उपयोग करीत नसून लोकगीतच आपला उपयोग करून घेत आहे, अशी त्याची भूमिका होती. पुढे ‘विस्मृत लोक’ या आपल्या गीतमालिकेत त्याने लिव्होनियन, व्होटिक, इझोरियन अशा मावळत चाललेल्या शेजारी भाषांची गाणी घेतली. लहान भाषेच्या माणसाने आपल्याहून लहान भाषांची झील धरली, हे मला त्याच्या साऱ्या कर्तृत्वात थोर वाटते.

1970 च्या आगेमागे टॅलिनमधल्या तरुणांनी खेड्यांत जाऊन वृद्ध बायकांजवळ बसून मूळ गाणे शिकावयास सुरुवात केली. आग्नेय कोपऱ्यातील सेटू लोकांत तर ते खंडितच झाले नव्हते. त्यांच्या गाण्याला ‘लेलो’ म्हणतात. एक बाई ओळ रचते व म्हणते. बाकीच्या खालच्या स्वरात ती उचलतात. आणि एकच तीक्ष्ण आवाज सर्वांच्या वर तरंगत राहतो. आन्ने वाबर्ना ही त्यांतली विख्यात पुढारीण 1877 ते 1964 या काळात होऊन गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तरी हजारो ओळींचे एक महाकाव्य तिने रचले आणि ते इतरांनी लिहून घेतले. लेलो गाणाऱ्या बायकांचे वृंद आजही आहेत. युनेस्कोने 2009 मध्ये त्यांच्या गाण्याची मानवतेच्या वारशात नोंद केली. बाल्टिक गीतमहोत्सवांचा गौरव त्याआधीच, 2003 मध्ये, झाला होता.

आज एखाद्या एस्टोनियन माणसाला वृंदात जावयाचे असेल तर तो गावच्या वृंदनायकाकडे जातो. नायक त्याचा आवाज ऐकतो, त्याला चार भागांपैकी एकात बसवितो, हाती स्वरलिपीचे कागद देतो. पाच वर्षांनी येणाऱ्या महोत्सवाची गीते आधीच ठरलेली असतात. गावोगावचे वृंद ती वेगवेगळे बसवितात, मग पाहणीस उतरतात आणि जे उतरतात ते मैदानात जातात. 2019 च्या महोत्सवात सुमारे पस्तीस हजार गायक-वादक होते. यात शिस्त आहे, निवड आहे, आणि म्हणून कोणीतरी बाहेरही राहतो. पण मैदानात बसलेल्या श्रोत्यांना शेवटची गाणी येत असतात, आणि ती म्हणावयास कोणाचीच पाहणी नसते. मोठा वृंद आणि त्याच्याभोवतीचा हा बिनपाहणीचा फेर, या दोहोंनी मिळून ते गाणे टिकले. एका कोणामुळे टिकले नसते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांची स्थिती एस्टोनियासारखी नाही हे उघड आहे. आपली भाषा कोट्यवधींची आहे, आपल्यावर कोणी बंदी घातलेली नाही, आपल्या गाण्यांचे ग्रंथ आणि ध्वनिमुद्रणे मुबलक आहेत. परंतु याच सुबत्तेत एक धोका आहे. आपण उत्तम गाणाऱ्याला बोलावतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. आपल्या मंडळांतून व्यासपीठ मोठे होत गेले आहे आणि फेर लहान. पुढच्या पिढीला मराठी येत नाही अशी खंत आपण करतो. पण ज्याला येत नाही त्याने कोठून शिरावे, ती थांबण्याची जागा आपण गाण्यात ठेवली आहे काय? एस्टोनियाच्या इतिहासातून मी एवढेच घेते की, गाणे राखणे म्हणजे त्यात शिरण्याची वाट राखणे.

आजी बऱ्या झाल्या तेव्हा कोजागिरी आली होती. आम्ही चौघीजणी त्यांच्याकडे जाऊन गाणी लिहून घेतली. कोजागिरीच्या रात्री पुन्हा फेर धरला. आजी खुर्चीवर बसून ओळ सांगत होत्या आणि दम लागला म्हणजे थांबत होत्या. चार गाणी झाल्यावर त्या म्हणाल्या की, आता पुढचे दुसऱ्या कोणीतरी सांगावे. कोणी पुढे होईना. तेव्हा ती तमिळ मुलगी म्हणाली, “आजी, मी सांगू का? एक येतं मला.” तिने गाणे सांगितले. तिसऱ्या ओळीत तिने मूळचा शब्द टाकून भलताच शब्द घातला. आजींनी मान हलवली, पण अडवले नाही. फेर थांबला नाही, आणि आम्ही सगळ्यांनी झील धरली ती त्याच शब्दाची.